तोंडातल्या लाळग्रंथीची साधी गाठ आणि तिचं निदान

तोंडातल्या बारीक लाळग्रंथीत होणारी, कॅन्सर नसलेली गाठ. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात हे शाळेत शिकलेलं असतं, पण ओठाच्या आत, गालात, टाळूवर मिळून आणखी ६०० ते १००० बारीक ग्रंथी असतात आणि तोंडाच्या आत लाळग्रंथीची गाठ आली तर ती बहुतेक यांच्यातलीच. कानाखालच्या ग्रंथीत दहातल्या साधारण आठ गाठी साध्या निघतात, या बारीक ग्रंथींत मात्र जवळपास निम्म्या कॅन्सरच्या, त्यामुळं "दुखत नाही म्हणजे साधीच" हा हिशोब इथं अजिबात चालत नाही.

कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजकडच्या बायका मिश्री लावताना ओठाच्या आतून बोट फिरवतात, तेव्हा वरच्या ओठात वाटाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी गोळी लागते. पन्नाशीनंतर वरच्या ओठात अशी गोळी आली तर कॅनालिक्युलर अॅडेनोमा ही दुर्मिळ साधी गाठ मनात धरावी लागते. खालच्या ओठात निळसर मऊ फोड आला तर तो सहसा लाळ साठून झालेला असतो, पण तिथंच कडक गोळी लागली तर जास्त जपायचं.

टाळूवर, मधल्या रेषेच्या एका बाजूला येणारी साधी गाठ बहुधा प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा, ही सगळ्यात जास्त दिसणारी. खरी फसगत इथंच होते, दाढेचा पू समजून औषधाच्या गोळ्यांचे कोर्स चालू राहतात आणि सहा महिने निघून जातात. दाढेची नस जिवंत आहे का बघायचं, एक्स-रे काढायचा, दाढ चांगली असेल तर लगेच गाठीकडं वळायचं. हाड खाल्लंय का ते सीटी स्कॅनवर कळतं, गाठ मऊ भागात किती आत गेलीय ते एमआरआयवर.

मग तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी. "सुरी लावली की कॅन्सर पसरतो" असं अजून गल्लोगल्ली ऐकू येतं आणि त्या भीतीनं लोकं कोल्हापुरात टाऊन हॉलसमोरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यापर्यंत येऊनसुद्धा परत जातात, हे बघून फार वाईट वाटतं. तुकडा काढल्यानं साधी गाठ कॅन्सरची होत नाही. ओठातली लहान गोळी सबंध काढतात, टाळूवरच्या मोठ्या गाठीचा आधी मधून तुकडा घेतात. सुईच्या तपासणीत पेशी दिसतात पण गाठीची कड दिसत नाही, आणि साधी की कॅन्सरची हे पुष्कळदा कडेवरच ठरतं: गाठ आपल्या हद्दीत आहे की शेजारच्या मांसात, नसेत घुसलीय. कॅनालिक्युलर अॅडेनोमा तर एकाच ओठात तीन-चार ठिकाणी असू शकतो, ते बघून पसरलाय असं वाटतं आणि छोट्या तुकड्यात तो अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट एस-१००, पी-६३ असे खास रंग लावतात. कॅनालिक्युलरमध्ये पहिला उठतो, दुसरा उठत नाही.

शंका राहिली तर पुण्या-मुंबईला दुसरं मत घेतात, तिथं नुसता रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला) लागतो. तो लॅबमध्ये मागायचा, आणि मे महिन्यात गाडीच्या काचेजवळ ठेवायचा नाही, मेण मऊ पडतं.