रोसेमालिंग तबके : पारख व काळनिश्चिती

रोसेमालिंग म्हणजे लाकडावर फुले, पाने आणि वळणदार वेली रंगवण्याची नॉर्वेतील ग्रामीण कला. १७५०च्या सुमारास पूर्व नॉर्वेत बरोक व रोकोको शैलींच्या प्रभावातून ती आकारास आली आणि पेट्या, कपाटे, बियरचे वाडगे, घरांच्या भिंती यांवर बहरली. भिंतीवर टांगायची शोभेची तबके मात्र बहुतांशी विसाव्या शतकातील असतात. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन कुटुंबांत सांगितली जाणारी, तबक पणजीने नॉर्वेहून आणल्याची आठवण, कितीही प्रिय असली तरी, तपासून पाहावी लागते.

नॉर्वेच्या प्रत्येक प्रदेशाची शैली वेगळी आहे. टेलेमार्क शैलीत एका मुळापासून निघालेल्या वेली दोन्ही बाजूंचा तोल समान न राखता मोकळ्या पसरतात. हालिंगदालची रचना ठसठशीत व समतोल असते, तर रोगालांडमध्ये गडद पार्श्वभूमीवर मधल्या फुलाभोवती आकृती बांधलेली दिसते. परंतु शैलीवरून तबकाचे गाव ठरवणे धोक्याचे आहे. नॉर्वेतील लार्दालचा पेर लिस्ने १९०७ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील स्टोटन येथे गेला, तेथे घोडागाड्यांच्या कारखान्यात रंगारी झाला आणि पुढे त्याच्या तबकांमुळे अमेरिकेत ही कला पुन्हा रुजली. आयोवातील डेकोरा येथील वेस्टरहाइम संग्रहालयाने १९६७ पासून सिगमुंड आर्सेथ यांच्यासारख्या नॉर्वेजियन चित्रकारांना शिकवायला बोलावले. तेव्हापासून टेलेमार्क वा रोगालांड शैली अमेरिकेतही सर्रास रंगवली जाऊ लागली.

म्हणून तबक उलटून पाहणे महत्त्वाचे ठरते. पाठीवर ‘माल्ट आव’ (अर्थात ‘यांनी रंगवले’) या शब्दांपुढे चित्रकाराचे नाव व साल आढळू शकते. लिंडनचे फिकट, मऊ लाकूड असेल तर अमेरिकेकडे बोट जाते, आणि ॲक्रिलिक रंग असल्यास तबक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरचे समजावे. कडेवर जेवणापूर्वीची प्रार्थना लिहिलेली असेल तर तिचे शुद्धलेखन बारकाईने पाहावे : १९१७च्या सुधारणेने ‘ओ’सारख्या उच्चारासाठी लिहिला जाणारा रोमन लिपीतील जोड ‘ए’ (aa) जाऊन त्याजागी माथ्यावर वर्तुळ असलेला एकच ‘ए’ (å) आला, त्यामुळे नवे अक्षर सहसा त्यानंतरचा काळ दाखवते. जुने अक्षर मात्र प्राचीनतेचा पुरावा नव्हे, कारण स्थलांतरितांच्या घरांत ते पुढेही टिकून राहिले. भिंगाखाली कुंचल्याच्या फटकाऱ्यांऐवजी समान ठिपके दिसल्यास चित्र छापील आहे.

पाठ घासून स्वच्छ करू नये. पेन्सिलीने लिहिलेले पुसट नाव पुसले गेले तर तबकाचा सर्वांत बोलका पुरावाच हरवतो.