होमब्रू आणि पायरसी: एकाच फटीतून आत येणाऱ्या दोन गोष्टी

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते. तशा गर्दीत नववीतलं एक पोरगं जुना काळा पीएसपी, म्हणजे सोनी कंपनीचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, घेऊन आलं. नागपूरच्या मावसभावानं वापरून झाल्यावर दिलेला. काच खरचटलेली, पण चालू. "काका, हा हॅक करून द्या न," तो म्हणाला. मागं त्याचे वडील उभे होते, हातात फवारणी पंपाचं नवं नोझल. त्यांनी मला विचारलं, "काऊन भाऊ, हे चोरीचं काम तं नाई ना?"

दिग्रसकडच्या आमच्या भागात मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उत्तर देता येत नाही. हॅक केलेला म्हणजे चोरीचा, असं बहुतेक लोक धरून चालतात, आणि पोरंही 'हॅक' म्हणजे 'फुकट गेम' एवढंच समजतात. दोघांच्याही मनात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते, म्हणून त्या सुट्या करून सांगतो.

होमब्रू म्हणजे कुणीतरी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, जो कंपनीची परवानगी न घेता त्या यंत्रावर चालवला जातो. खेळ असेल, कॅल्क्युलेटर असेल, पुस्तक वाचायचं साधन असेल. पायरसी म्हणजे दुसऱ्यानं बनवलेला, विकत मिळणारा खेळ पैसे न देता कॉपी करून चालवणं. आणि एक्स्प्लॉइट म्हणजे यंत्राच्या सॉफ्टवेअरमधली चूक वापरून त्याचं कुलूप उघडायची युक्ती. हा एक्स्प्लॉइट होमब्रूलाही लागतो आणि पायरसीलाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आमच्याकडं हे बियाण्यावरून पटकन समजतं. सोयाबीनचं घरचं बियाणं आपण राखून ठेवतो. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडतो, सत्तर उगवले की पेरायला काढतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क दिला आहे. अट एकच, संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या पाकिटात घालून विकायचं नाही. घरचं बियाणं पेरणारा आणि कंपनीचं पाकीट छापून विकणारा, दोघांनाही जमीन, तिफण, पाऊस सारखाच लागतो. म्हणून तिफण चोरीची ठरत नाही. फरक एवढाच की शेतकऱ्याचा हक्क कायद्यात शब्दांनी लिहिलेला आहे, आणि गेमचं यंत्र विकत घेणाऱ्याचा तसा लिहिलेला नाही. ते यंत्र आपल्या मालकीचं असूनही त्यावर काय चालेल ते कंपनी ठरवते.

ती ठरवते कशी? कंपनी प्रत्येक खेळावर एक डिजिटल सही करते. खेळ सुरू करताना यंत्र ती सही तपासतं आणि जुळली नाही तर प्रोग्रॅम चालवत नाही. खेळ बनवणाऱ्यानं कंपनीशी करार करायचा, विक्रीतला वाटा द्यायचा, तेव्हा सही मिळणार. नववीतल्या पोरानं वहीवर आखलेल्या खेळाला ती सही कुठून मिळणार?

पीएसपी जपानात डिसेंबर २००४ मध्ये आला. त्याच्या पहिल्या १.०० फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ही तपासणी धड नव्हतीच, सही नसलेला प्रोग्रॅमही चालायचा. १.५० मध्ये ती आली, पण २००५ च्या जूनमध्ये तिच्यातूनही वाट निघाली. मेमरी स्टिकवर, म्हणजे पीएसपीच्या मेमरी कार्डावर, एकाच नावाचे दोन फोल्डर करायचे आणि एकाच्या नावापुढं टक्क्याचं चिन्ह लावायचं. एवढ्यानं यंत्र गोंधळायचं, तपासायचं एकाला आणि चालवायचं दुसऱ्याला. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या टक्क्याच्या चिन्हाकडं बघत बसलो होतो. मोठ्या कंपनीचं कुलूप, आणि किल्ली म्हणून एक टक्का.

पुढच्या फटी जास्त किचकट होत्या, पण मूळ बहुतेकांचं एकच. जुन्या हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर नावाचा रकाना छोटा असायचा. तलाठ्यानं तीन भावांची नावं वडिलांसकट त्यात लिहिली की अक्षरं शेजारच्या रकान्यात घुसायची, आणि वाचणारा त्यांना क्षेत्र समजायचा. यंत्राच्या मेमरीतही तेच होतं. खेळ सेव्ह करताना एखाद्या नावाला ठरावीक जागा ठेवलेली असते. लिहिणाऱ्यानं लांबी मोजायची राहून गेली, तर मुद्दाम लांब केलेलं नाव पलीकडच्या जागेत सांडतं. ती जागा जर 'पुढं कोणती सूचना पाळायची' हे सांगणारी असेल, तर यंत्र आपल्या सूचना पाळू लागतं. २००७ मध्ये पीएसपीवर ल्युमिनस या कोड्याच्या खेळाच्या सेव्ह फाइलमधून अशीच वाट काढली होती. एका साध्या, शांत खेळाची मागणी त्यामुळं अचानक वाढली. तसंच २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या थ्रीडीएस या गेमच्या यंत्रावर झालं. क्युबिक निंजा नावाचा फारसा कुणी न विचारलेला खेळ क्यूआर कोडवरून पातळ्या वाचायचा, आणि त्या कोडमध्ये होमब्रूची वाट सापडली. त्या खेळाच्या जुन्या प्रतींचे भाव बघता बघता चढले.

या थ्रीडीएसच्या वाटेचं नाव निंजहॅक्स. ती शोधणाऱ्यानं ती जाणूनबुजून एवढीच उघडी ठेवली की घरचे प्रोग्रॅम चालतील, पण विकतच्या खेळांच्या कॉप्या चालणार नाहीत. तंत्राच्या दृष्टीनं हे जमतं. बाहेरच्या खोलीत शिरायला एक चूक पुरते. कॉपी केलेला खेळ अस्सल म्हणून चालवायचा तर आतल्या खोलीत, जिथं सह्या तपासल्या जातात तिथं, शिरावं लागतं. पीएस व्हिटा या सोनीच्याच गेमच्या यंत्राचंही असंच. २०१६ च्या जुलै अखेरीस हेन्काकू नावाची वाट आली, ब्राउझरमध्ये एक पान उघडलं की यंत्र मोकळं. बनवणाऱ्यांनी त्यात कॉपी केलेले खेळ चालवायची सोय दिली नव्हती. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका गटानं त्यावर चढून ती सोय केली. थ्रीडीएसवरही पुढं दुसऱ्या वाटांनी आतली खोली उघडलीच. कुंपणाला फाटक एकानं केलं, ढोरं दुसऱ्यानं घातली. फाटक करणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही असं मी म्हणणार नाही, पण दोघांना एका मापानं मोजणंही मला मान्य नाही.

हा फरक सगळ्यात ठळक दिसला तो निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावर. एप्रिल २०१८ मध्ये केट टेमकिन या संशोधिकेनं फ्यूझे जेले नावाची फट जाहीर केली, चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला आधी कळवून. ती फट चिपच्या अगदी पहिल्या, फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत होती. ती मेमरी कारखान्यातच पक्की होते, त्यामुळं विकल्या गेलेल्या यंत्रांना अपडेट देऊन ती बुजवता येईना, नवीन यंत्रांतच दुरुस्ती करावी लागली. आत जायला उजवा जॉय-कॉन, म्हणजे बटणांचा सुटा होणारा भाग, बसतो त्या खाचेतल्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या आणि यूएसबी केबल लावायची. टेमकिननं हे सगळं लिहून फुकट दिलं, कुणालाही अभ्यासता येईल असं. त्याच सुमारास टीम झेक्यूटर नावाची टोळी त्याच चुकीवर बेतलेलं सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकत होती, आणि त्याचं मुख्य आकर्षण कॉपी केलेले खेळ चालवणं हेच होतं. त्या टोळीतल्या गॅरी बाऊझरला अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली.

आता आपला कायदा, कारण वडिलांचा प्रश्न मुळात तोच होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम घातलं गेलं. कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्याच वाक्यात एक अट आहे, ते कुलूप हक्काचा भंग करायच्या हेतूनं तोडलेलं असलं पाहिजे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक आहे, तिथं कुलूप तोडणं हाच मुळात गुन्हा धरला आहे. मग सूट मागावी लागते. २०१० मध्ये मोबाइलला ती मिळाली, २०१२ मध्ये गेमच्या यंत्रांसाठी मागितली तेव्हा नाकारली. आपल्या कायद्यात हेतू विचारला जातो, आणि मला हे फार शहाणपणाचं वाटतं. शिवाय कलम ५२ प्रमाणं, कायदेशीररीत्या आपल्याकडं असलेल्या प्रोग्रॅमची, तो खराब होईल म्हणून जपून ठेवायला, बॅकअप प्रत काढता येते. पायरसीला मात्र पळवाट नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर कलम ६३ ब लागतं, कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. वापर पैसे कमवायला नसेल तर कोर्ट कारण देऊन कैद सोडू शकतं, एवढंच.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. स्मार्टफोन घरोघरी यायच्या आधी मी मेमरी कार्ड भरून द्यायचो. वीस रुपयांत दोन जीबी, गाणी, सिनेमे, खेळ, सगळं. आमच्याकडची बहुतेक दुकानं तेच करायची, म्हणून ते चोरी आहे असं कुणाला वाटायचंच नाही. ती पायरसीच होती, आणि मी तिच्यावर पैसे कमावले. म्हणून आज पोरगं 'फुल गेम टाकून द्या' म्हणतं तेव्हा मी नाही म्हणतो, आणि त्याला रागावत नाही.

पायरसीमागं धावताना यंत्रच जायचा धोका वेगळाच. पोरं 'फुकट गेम चालू करणारी फाइल' म्हणून कुठूनही काहीही उतरवतात. २००५ च्या ऑक्टोबरमध्येच पीएसपीसाठी एक ट्रोजन, म्हणजे कामाच्या फाइलीचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, फिरत होता. फर्मवेअर २.०० वरून १.५० वर आणतो म्हणायचा आणि यंत्राच्या सुरू व्हायच्याच फाइली पुसून टाकायचा. अशा मेलेल्या यंत्राला 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. माझ्याही हातून एकदा वीट झाली, ट्रोजनशिवाय. फर्मवेअर चढत होतं, बॅटरी जुनी होती, आणि भर दुपारी लाइन गेली. पडदा काळा पडला, हिरवा दिवा लागून विझला, संपलं. गिऱ्हाइकाचं यंत्र होतं ते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

ते यंत्र परत जिवंत केलं ते होमब्रूवाल्यांच्या कामामुळंच. २००७ मध्ये त्यांना कळलं की पीएसपी सुरू होताना बॅटरीला तिचा अनुक्रमांक विचारतो. तो जर सगळ्या एफ अक्षरांचा आला, तर यंत्र दुरुस्तीच्या अवस्थेत जातं आणि आतली मेमरी सोडून मेमरी स्टिकवरून सुरू होतं. कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांसाठी केलेली ती सोय होती. पँडोरा बॅटरी म्हणतात तिला. मी एका जुन्या बॅटरीचं कवच ब्लेडनं उघडलं, आतल्या पट्टीवरच्या चिमुकल्या मेमरी चिपचा एक पाय भिंगाखाली सोल्डरिंगच्या टोकानं उचलला, तयार केलेली मेमरी स्टिक घातली आणि बॅटरी बसवली. बटण न दाबताच यंत्र सुरू झालं. हे ज्ञान पहिल्या मॉडेलला आणि दुसऱ्या मॉडेलच्या बऱ्याच यंत्रांना लागू पडतं, तिसऱ्याला नाही. ज्यांनी हे शोधून फुकट लिहून ठेवलं, त्यांना चोरांच्या रांगेत उभं केलेलं मला सहन होत नाही.

होमब्रू आणि पायरसी या दोघांमध्ये एक भुरकट पट्टाही आहे. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं. तिथंच मिळणारे, डिस्क किंवा कार्ड नसलेले खेळ आज पैसे देऊनही नव्यानं घेता येत नाहीत. ते जपून ठेवणारे लोक कायद्यानं पूर्ण बरोबर आहेत असं नाही, पण त्यांना वीस रुपयांत कार्ड भरून देणाऱ्या माझ्यासारख्याच्या बरोबरीनं बसवणं चूक होईल. एम्युलेटरचंही तसंच, जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला असेल तर तो होमब्रू, त्यात काय घालून खेळतो ते वेगळं पाहायचं.

त्या पोराचा पीएसपी मी मोकळा करून दिला. वडिलांना आधी सांगितलं की यात विकतचा एकही खेळ मी टाकणार नाही. ते म्हणाले, "मंग काय करन तो याचं?" मी पोराला दुकानातल्या कॉम्प्युटरवर पीएसपीसाठीची फुकट साधनं बसवून दिली आणि सी भाषेतल्या सहा ओळी लिहायला लावल्या. तयार झालेली फाइल मेमरी स्टिकवर पीएसपी फोल्डरच्या आत, गेम फोल्डरमध्ये टाकली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' आलं. तो लगेच म्हणाला, मराठीत काऊन नाही? त्या साध्या छपाईच्या सोयीत देवनागरी अक्षरं नसतात, ती चित्र म्हणून काढावी लागतात. पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा असतो, हे सांगितल्यावर त्यानं गणिताची चौकटीची वही काढली.

पुढच्या बाजाराला तो आला तेव्हा वहीत 'नमस्कार' नव्हता, बैल होता, शिंगांसकट, चौकटी पेन्सिलनं भरून काढलेला. आम्ही तो पडद्यावर आणला. बाणाचं बटण दाबलं की बैल चालतो. वडिलांनी यंत्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि बैलाला वावराच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत नेऊन आणलं. अजून एक चूक राहिली आहे, बैल कुंपणातून आरपार जातो. ते दुरुस्त करायला तो रविवारी येणार आहे.