लिंबाचे चार थेंब आणि लाल सोनं

दोनतारी पाक गॅसवरून उतरवला आणि निवत असताना त्यात पळी फिरवत राहिलं, की थोड्याच वेळात तो रवाळ होतो. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या हलवायाला हे सांगावं लागत नाही. गुळगुळीत पाक हवा असेल तर तो त्यात आधीच लिंबू पिळतो.

निवणाऱ्या पाकात, त्या तापमानाला मावेल त्याहून जास्त साखर असते. साखरेचे रेणू एकत्र येतात, पण फार छोटा पुंजका टिकत नाही, पुन्हा विरघळतो. ठरावीक आकार ओलांडला तरच तो वाढू लागतो. हे स्फटिकाचं बीज. ढवळल्यामुळे अशी बीजं एकाच वेळी असंख्य तयार होतात, साखर त्यांच्यात वाटली जाते आणि दाणे बारीक राहतात. दोरा सोडून पाक कित्येक दिवस न हलवता ठेवला, तर मोजक्या बीजांवर खडीसाखरेचे मोठे खडे चढतात. साखर तीच, फरक हाताळणीचा. लिंबाचं आम्ल काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करतं, आणि हे परके रेणू स्फटिकाच्या वाढीत आडवे येतात.

इतक्या थोड्या लिंबाने एवढा फरक कसा पडतो? स्फटिकाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पायऱ्या असतात आणि नवे रेणू मुख्यतः त्या पायऱ्यांच्या काठाशीच बसतात. तेवढ्या जागा अडल्या तरी वाढ मंदावते. औष्णिक वीजकेंद्रांच्या कूलिंग टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून घालतात ती रसायनंही याच कारणाने दहा लाख भाग पाण्यात काही भाग एवढीच पुरतात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, लघवी घट्ट होते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे धरण्याचा धोका वाढतो. तिथे सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि स्फटिकांना चिकटून त्यांची वाढही रोखतं. संत्र्या-लिंबातल्या आम्लाचंच हे रूप. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात.

हेच सायट्रेट सोन्यावर जे करतं, ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून माणकासारखा लाल द्रव मिळवला होता. १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट घालण्याची पद्धत बारकाईने अभ्यासली. फिकट पिवळं द्रावण आधी रंगहीन, मग निळसर-काळपट आणि शेवटी लाल होतं. कण साधारण २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). सायट्रेटच सोनं क्षारातून मोकळं करतं आणि तेच कणांभोवती ऋणभारित आवरण धरून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. एका ठरावीक मर्यादेपर्यंत सायट्रेट वाढवलं, तर कण लहान होतात.

कणांचा आकार मिसळण्याच्या वेगावरही ठरतो, आणि तो वेग कमी पडला तर ते मात्र रसायनाने भरून निघत नाही. एमआरएनए लशीत अल्कोहोलमधले मेदरेणू आणि आम्लधर्मी पाण्यातलं एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू), असे दोन प्रवाह वेगाने एकमेकांवर सोडतात. काही मिलिसेकंदांत मिश्रण एकजीव झालं, तर साधारण १०० नॅनोमीटरचे एकसारखे कण मिळतात; रेंगाळलं, तर ते मोठे आणि लहान-मोठे निघतात. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत १९४२ पासून केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या पिढ्यांना यातली मेख ठाऊक आहे: चंचुपात्रात क्षणात मिसळणारी गोष्ट हजार लिटरच्या टाकीत तशी मिसळत नाही. म्हणूनच कोविड लशीचं उत्पादन वाढवताना मिश्रकाचा आकार न वाढवता, तसेच छोटे मिश्रक शेजारी-शेजारी मोठ्या संख्येने जोडले गेले.