आतेनीच्या भिंतीवरचा शनिवार

जॉर्जियातील गोरी शहराच्या दक्षिणेस, ताना नदीच्या खोऱ्यात, आतेनी नावाचे गाव आहे. तेथील ‘सिओनी’ हे दगडी चर्च सातव्या शतकातले असून त्याचा आराखडा म्त्सखेता येथील प्रसिद्ध ज्वारी चर्चवर बेतलेला आहे. अभ्यासकांना मात्र हे चर्च विशेष मोलाचे वाटते ते त्याच्या भिंतींवरील लेखांमुळे.

जॉर्जियन भाषेला तीन लिप्या आहेत: गोलाईदार ‘आसोमताव्रुली’, तिच्यापासून निघालेली कोनदार ‘नुस्खुरी’ आणि आज सर्वत्र वापरली जाणारी ‘म्खेद्रुली’. नुस्खुरीचा इ. स. ८३५ मधील अगदी प्रारंभीचा नमुना आतेनीलाच मिळाला आणि म्खेद्रुलीचा दहाव्या शतकाच्या अखेरचा सर्वांत जुना ज्ञात लेखही येथलाच. लिपीचे वळण शतकागणिक कसे पालटत गेले, हे एकाच इमारतीत पाहण्याची अशी संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

असे लेख वाचणे सोपे नसते. दगडावर ओला कागद थोपटून ठसा घेण्याची जुनी पद्धत चांगली असली, तरी रंगवलेल्या गिलाव्यावर ती वापरली तर चित्रेच खराब होतात. म्हणून दिवा भिंतीला जवळजवळ समांतर धरतात. तिरप्या प्रकाशात प्रत्येक ओरखड्याची सावली पडते आणि समोरून न दिसणारी अक्षरे उठून दिसतात. अलीकडे कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून, प्रकाशाची दिशा बदलत, त्याच भागाची अनेक छायाचित्रे घेतली जातात. संगणक त्यांवरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा ठरवतो आणि मग पडद्यावर हव्या त्या दिशेने प्रकाश टाकून अक्षर तपासता येते.

आतेनीचा सर्वांत बोलका लेख एका विध्वंसाची नोंद करतो. ५ ऑगस्ट, शनिवारी बुघाने तिबिलिसी (आजची जॉर्जियाची राजधानी) शहर जाळले, अमीर साहाक याला पकडून ठार केले आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, शनिवारी, झिराकने काखा व त्याचा मुलगा यांना कैद केले, असे त्यात म्हटले आहे. बुघा हा अब्बासी खलिफा मुतवक्किलचा तुर्की सेनापती. झिराक हा बुघाच्याच सैन्यातला सरदार. साहाक म्हणजे खलिफाला न जुमानणारा तिबिलिसीचा अमीर इसहाक.

लेखात वर्ष दोन प्रकारे दिले आहे: ‘कोरोनिकोन ७३’ आणि अरबांचे, म्हणजे हिजरी सनाचे, २३९ वे वर्ष. कोरोनिकोन ही जॉर्जियन कालगणना ५३२ वर्षांच्या चक्रावर चालते. वारांचे चक्र २८ वर्षांनी आणि चंद्रकलांचे १९ वर्षांनी पुन्हा तेथेच येते. या दोन संख्यांचा गुणाकार ५३२ होतो. जॉर्जियन गणनेनुसार सृष्टीची उत्पत्ती इ. स. पूर्व ५६०४ मध्ये झाली. तेव्हापासूनची बारा चक्रे इ. स. ७८० ला पूर्ण होतात, म्हणून तेराव्या चक्राचे ७३ वे वर्ष म्हणजे ८५३. पण पुढच्या चक्रातले ७३ वे वर्ष, म्हणजे १३८५, हेही कोरोनिकोन ७३ च ठरते. ही शंका हिजरी सन दूर करतो, कारण हिजरी २३९ हे वर्ष जून ८५३ मध्ये सुरू होते.

आता वाराची कसोटी लावू. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे मोजले, तर ५ ऑगस्ट ८५३ हा शनिवारच येतो आणि २६ ऑगस्ट त्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी असल्याने तोही शनिवारच. इतिहासकार तबरी याने तिबिलिसीचे दहन हिजरी २३८ च्या नोंदीत, म्हणजे एक वर्ष आधी, घातले आहे. परंतु ८५२ मध्ये ५ ऑगस्टला शुक्रवार होता. दोन वेगळ्या कालगणना आणि आठवड्याचा वार यांचा इतका नेमका मेळ बसत असताना, माझ्या मते येथे तबरीच्या ग्रंथापेक्षा आतेनीच्या भिंतीवर विश्वास ठेवावा. इतके तपशील अचूक असलेली नोंद घटनेनंतर फार उशिरा, ऐकीव माहितीवरून लिहिली गेली असेल, असे मानणेही कठीण आहे.