आनंदवल्ली

आनंदवल्ली : नाशिक शहराच्या पश्चिमेस, गंगापूर रस्त्यालगत गोदावरीच्या उजव्या तीरावर असलेले जुने गाव. आता ते नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. त्याचे पूर्वीचे नाव चावंडस. पेशवे घराण्यातील रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा (१७३४–१७८३) यांनी येथे वाडा बांधला आणि पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून गावाला आनंदवल्ली म्हणण्याचा प्रघात पडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांच्या घरात माजलेल्या भाऊबंदकीचा विचार करताना सहसा शनिवारवाडाच डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या कलहातील रुसवे, वाटाघाटी आणि वनवास यांचा बराच भाग नाशिकजवळच्या या नदीकाठी घडला.

पेशव्यांच्या घरातील विवाह हा केवळ कुळ-गोत्र पाहून जुळविलेला संबंध नसे. मुलगी आठ-दहा वर्षांची असतानाच सून होऊन वाड्यात येई, आणि तिच्यामागोमाग माहेरची माणसेही दरबारात येत. रघुनाथरावांचे थोरले बंधू नानासाहेब पेशवे यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्ते या सावकार घराण्यातल्या. त्यांचे बंधू पुढे सरदारकीला चढले. आनंदीबाई मात्र गुहागरजवळच्या मळण गावातील ओकांची मुलगी. पहिल्या पत्नी जानकीबाई यांच्या निधनानंतर रघुनाथरावांनी हा विवाह केला. माहेरची श्रीमंती गोपिकाबाईंच्या पाठीशी होती तशी आनंदीबाईंच्या नव्हती, आणि या दोन जावांमधील तेढीकडे पाहताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. आनंदीबाईंचे सारे भवितव्य पतीला मिळणाऱ्या वाट्यावर आणि पोटी होणाऱ्या मुलावर अवलंबून होते. आनंदवल्लीतील नदीकाठचे नवश्या गणपतीचे देवस्थान पुत्रप्राप्तीसाठी या दांपत्याने केलेल्या नवसाशी जोडले जाते, ते स्थानिक परंपरेनुसार.

१७६१ मध्ये पानिपतावर नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव पडले, त्याच वर्षी नानासाहेब वारले आणि त्यांचे सोळा वर्षांचे दुसरे पुत्र माधवराव पेशवे झाले. कारभार आपल्या हाती राहील ही काका रघुनाथरावांची अपेक्षा फार काळ टिकली नाही. १७६२ मध्ये आळेगाव येथे त्यांनी पुतण्याला शरण आणले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईत दोघे निजामाविरुद्ध एकत्र लढले, पण त्या विजयानंतर सत्ता हळूहळू माधवरावांकडे सरकली. गंमत अशी की माधवरावांचे आपल्या आईशीही पटेना. रास्त्यांच्या बाबतीत मुलगा आपले ऐकत नाही हे पाहून गोपिकाबाई पुणे सोडून नाशिकजवळच्या गंगापूर येथे येऊन राहिल्या. आनंदवल्ली आणि गंगापूर ही गावे एकाच रस्त्यावर, एकाच काठाला, काही कोसांच्या अंतरावर आहेत. पुण्यात एका छपराखाली नांदू न शकलेल्या घराण्याच्या दोन्ही शाखा रुसून एकाच नदीच्या आश्रयाला आल्या.

१७६७ मध्ये उत्तरेच्या मोहिमेवरून परतलेले रघुनाथराव पुण्यास न जाता आनंदवल्लीस राहिले आणि राज्याच्या निम्म्या वाटणीची मागणी त्यांनी लावून धरली. माधवराव स्वतः तेथे आले, समेटही झाला, मात्र तो टिकला नाही. १७६८ मध्ये रघुनाथरावांनी अमृतराव यांस दत्तक घेतले. माधवरावांना मूल नव्हते. अशा वेळी काकांनी घेतलेला दत्तक हा घरगुती विधी न राहता गादीवरचा दावा ठरत होता. त्याच वर्षी जूनमध्ये आताच्या नाशिक जिल्ह्यातील धोडप किल्ल्याच्या परिसरात लढाई होऊन रघुनाथरावांचा पराभव झाला, आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले. धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी (भाडोत्री पहारेकरी शिपायांनी) त्यांचा खून केला. ‘नारायणरावास धरावे’ या रघुनाथरावांच्या हुकुमात आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले ही हकिकत मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. ती इतकी रुजली की मजकुरात लबाडीने केलेल्या फेरफाराला आजही ‘ध’चा ‘मा’ म्हणतात. तिला आधार मात्र आख्यायिकेचा आहे, अस्सल कागदाचा नाही. मराठी रंगभूमीने या प्रसंगाला जे रूप दिले त्याचाही या समजुतीत मोठा वाटा मानावा लागेल. १९०९ मधील कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ या नाटकात राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री यांच्यातील पेच उभा राहिला आणि कारस्थानी स्त्री, दुबळा नवरा, निःस्पृह न्यायाधीश हे त्रिकूट प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले. निम्म्या राज्याची मागणी, दोन लढाया आणि काही वर्षांची कैद इतका वैराचा साठा खुनाच्या आधीच जमलेला होता. तो सगळा एका अक्षराच्या खाडाखोडीत बसविणे नाटकाला सोयीचे असले तरी इतिहासाला पुरेसे नाही.

पुढील घटनाक्रम सर्वश्रुत आहे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र (सवाई माधवराव) झाला, रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी म्हणजे बारभाईंनी त्या अर्भकास पेशवेपद दिले, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७८२ मध्ये इंग्रज व मराठे यांच्यात झालेल्या सालबाईच्या तहानंतर ते कोपरगाव येथे येऊन राहिले व पुढच्या वर्षाअखेरीस तेथेच वारले. कोपरगाव हेही गोदाकाठचेच गाव. इकडे गोपिकाबाई पती आणि तिन्ही मुलगे गमावून नाशिक परिसरात व्रतवैकल्यात दिवस कंठीत होत्या. नातू सवाई माधवराव यांना दिनचर्येविषयी त्यांनी लिहून पाठविलेला उपदेश प्रसिद्ध आहे. १७८८ मध्ये नाशिक येथेच त्यांचे निधन झाले.

आनंदीबाई त्यानंतर सहा वर्षे जगल्या. पुणे दरबाराच्या पहाऱ्यात कोपरगावी काढलेल्या काळानंतर त्यांना मुलांसह आनंदवल्लीस आणण्यात आले आणि १७९४ मध्ये, आपले नाव धारण करणाऱ्या या गावी, त्यांचा अंत झाला. मुलांना तेथून जुन्नरकडे हलविण्यात आले. त्यांतील बाजीराव (दुसरे) १७९६ मध्ये पेशवे झाले.

राघोबादादांचा वाडा आज मूळ स्वरूपात उभा नाही. गावाभोवती इमारतींची वस्ती दाटली आहे, आणि आनंदवल्लीचे नाव घेतले की नाशिककरांना प्रथम आठवतो तो चतुर्थीला गर्दी होणारा नवश्या गणपती. गोपिकाबाईंच्या गंगापूरचे नाव पुढे धरणाला मिळाले असून शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः तेथूनच येते.