गाणं लिहिणाऱ्याचं का गाणाऱ्याचं? सातारा-सांगलीकडच्या वादाची पार्श्वभूमी

आपल्या पट्ट्यात सध्या जी नवीन गाणी येतायत, हळदीची, जत्रेची, शिवजयंतीची, बैलगाडा शर्यतीची, अधूनमधून रॅपसुद्धा, त्यात गीत, संगीत आणि गायक या तिन्हीपुढं एकच नाव दिसायला लागलंय. त्यावरनं दोन गट पडलेत. एक म्हणतो ज्याला लिहिता येत नाही तो कसला कलाकार, आणि दुसरा म्हणजे वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी शब्द लिहून देणारी माणसं, ती म्हणतात की गळा आहे म्हणून पेन हातात घेतलं की गाणं होत नाही. दोन्हीकडचे लोक "पूर्वी असं नव्हतं" म्हणून सुरू करतात. पूर्वी म्हणजे कधी, तिथंच घोळ आहे.

संतांपासून सुरुवात करत नाही, अभंगाच्या शेवटच्या ओळीत नाव का असतं ते सगळ्यांना माहितीय. शाहिरी कवनानं तीच पद्धत उचलली, शेवटच्या कडव्यात कवीची छाप. ही छाप म्हणजे त्या काळचा एकमेव पुरावा, कारण कवन एकदा फडावर गेलं की दुसरा फड ते उचलणारच. पेशवाईच्या शेवटच्या काळातली होनाजी-बाळा ही जोडी बघा, होनाजी रचायचा आणि बाळा गायचा, आणि छापेत दोघांचं नाव एकत्र यायचं, इतकं की पुष्कळ जणांना आजही तो एकच माणूस वाटतो. म्हणजे लिहिणारा वेगळा आणि गाणारा वेगळा हे काय सिनेमानं आणलेलं नाही, पण तेव्हा गाणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव तोंडानं घ्यावंच लागायचं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण पठ्ठे बापूरावांचं. रेठरे हरणाक्ष, वाळवा तालुका, तेव्हा सातारा जिल्हा (सांगली 1949 ला वेगळा निघाला, आधी नाव दक्षिण सातारा होतं, 1960 ला सांगली झालं, म्हणून जुन्या पुस्तकात ते सातारचे आणि नव्यात सांगलीचे). 1866 चा जन्म, कुलकर्णी घराणं, आणि तमाशात गेले म्हणून जे काय ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. त्यांच्या लावण्या फडातल्या पवळानं गाजवल्या हे सगळे सांगतात, पण ते स्वतःही फडावर उभे राहायचे हे विसरतात. 1945 ला गेले, शेवटचे दिवस हलाखीचे. लावण्या मात्र फडोफडी चालू होत्या आणि त्यावर फड पोट भरत होते. लिहिणाऱ्याला एकदाच पैसे आणि गाणाऱ्याला दर खेळाला, हा हिशोब तिथंच दिसतो.

नाटकाचं थोडक्यात. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या सांगलीच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं नाचून-बोलून सोंग वठवायची. पुढं संगीत नाटकात नट स्वतः गायला लागले आणि पदं गाणाऱ्याच्या नावानं ओळखली जायला लागली. हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर, दोघंही लिहिणारे आणि दोघंही आपल्या गावचे, पण "बालगंधर्वांचं पद" असंच लोक म्हणतात. नाटककाराचं नाव निदान जाहिरातीत तरी असायचं. चाल कुणी बांधली हे तर त्याहून कमी लोकांना माहीत.

खरी काटछाट रेकॉर्डनं केली असं माझं मत. हिंदुस्थानात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण 1902 ला सुरू झालं. एका बाजूला तीनेक मिनिटं. सात-आठ कडव्यांची लावणी तीन मिनिटात बसवायची तर काय कापणार, धृपद कापता येत नाही, पहिलं कडवं कापता येत नाही, मग शेवटचं जातं, आणि नेमकी छाप तिथंच. गंमत म्हणजे त्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गाणं संपलं की गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची, कारण तबकडी परदेशात तयार व्हायला जायची आणि तिथल्या माणसाला लेबल कुठलं लावायचं ते कळायला पाहिजे. म्हणजे शेवटच्या जागी आधी कवीचं नाव यायचं तिथं आता गाणारीचं आलं. कुणी कट केला नाही, यंत्राच्या सोयीनं झालं, पण झालं.

पुढचा काळ चळवळीचा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, 1944 ला लाल बावटा कलापथक, सोबत बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. तिघंही लिहू शकत होते, तिघंही गाऊ शकत होते. तरी संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची "माझी मैना गावावर राहिली" ही छक्कड अण्णाभाऊंची, आणि सभा गाजवली अमर शेखांच्या आवाजानं. ज्यांनी सभेत ऐकली ते शेवटपर्यंत अमर शेखांची म्हणत राहिले आणि त्यात त्यांची चूक काढता येत नाही, त्यांनी ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव सांगितलं. दुसरीकडं वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे. मुक्तनाट्य वगैरे त्यांचं स्वतःचं, पण त्यांचं म्हणून जे "जय जय महाराष्ट्र माझा" गाणं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, जे 2023 ला राज्यगीत झालं, त्याचे शब्द राजा बढ्यांचे आणि चाल श्रीनिवास खळ्यांची. राज्यगीत करताना दोन कडवी ठेवली, वेळ दीडेक मिनिट. आता शाळेत रोज होतंय, पोरांना विचारा कुणाचं गाणं, काय उत्तर येतं बघा.

गदिमांचं तर काय सांगायचं, आटपाडी तालुक्याचा माणूस, शेटफळ्यात जन्म आणि माडगुळ्याचं घर. गीतरामायण 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललं, 56 गीतं, रेडिओवर वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. नंतर स्टेजवर ती सगळी बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, एकट्यानं गायली म्हणून "बाबूजींचं गीतरामायण" रूढ झालं. पण इथं एक फरक आहे, गदिमांचं नाव पुसलं गेलं नाही. दुसऱ्यासाठी लिहूनही नाव राहतं याचं ते उदाहरण आहे, पण त्यासाठी गदिमा असावं लागतं आणि आठवड्याला रेडिओवर तुमचं नाव पुकारलं जावं लागतं. गावोगावच्या लिहिणाऱ्यांना यातलं काहीच नव्हतं.

आता कायदा. इथं जरा थांबतो, कारण आजची निम्मी भांडणं कायदा अर्धा ऐकल्यामुळं होतात.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द हे एक काम, चाल हे दुसरं काम आणि ध्वनिमुद्रण हे तिसरं काम, तिघांचे मालक वेगळे. शब्दांचा पहिला मालक लिहिणारा. पण 1977 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की निर्मात्यानं पैसे देऊन सिनेमासाठी लिहून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक निर्माताच. म्हणजे गीतकार आणि संगीतकार एका फटक्यात बाहेर. त्याच निकालाला एका न्यायमूर्तींनी वेगळं टिपण जोडलं, त्याचा सूर असा की आपल्या संगीताचा जीव गाणाऱ्याच्या गळ्यात असतो आणि कायदा गाणाऱ्याला ओळखतच नाही, संसदेनं बघावं. गाणारे हे टिपण सांगतात, लिहिणारे मुख्य निकालावर रडतात. दोघांचंही तेव्हा काहीच नव्हतं हे दोघंही सोयीनं विसरतात. (त्याआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, हिंदीतल्या दोन सगळ्यात मोठ्या आवाजांत, रफी आणि लतात, रॉयल्टीवरनं बिनसलं होतं, एकाचं म्हणणं पैसे घेतले विषय संपला, दुसरीचं म्हणणं गाणं चालतंय तोवर वाटा पाहिजे, आणि दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. ती दुसरी लहानपणी सांगलीत वाढलेली.)

गाणाऱ्याला कायद्यात जागा मिळाली 1994 ला. आणि मग 2012 ची दुरुस्ती, जिच्यावर अजून धुरळा बसलेला नाही. त्यात असं आलं की गाणं सिनेमातलं असो नाहीतर नुसतं रेकॉर्ड केलेलं, लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क सोडून देताच येणार नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येईल, बाकी कुणाला नाही. "मी सगळे हक्क कायमचे दिले" असं सही करून दिलं तरी रॉयल्टीचा तेवढा भाग रद्दच. थिएटरमध्ये सिनेमाबरोबर गाणं वाजतं तेवढं वगळलंय. त्याच दुरुस्तीत गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला. मग प्रश्न असा की एकाच गाण्याच्या पैशात लिहिणारा, चालवाला, गाणारा आणि कंपनी यांनी कसं वाटायचं, आणि 1977 च्या निकालाचं आता नेमकं काय उरलं. कंपन्यांची बाजू अशी की आम्ही जोखीम घेतली, शंभरातलं एक गाणं चालतं, बाकीच्या नव्व्याण्णवाचा खर्च कुणी भरायचा. ही बाजू अगदीच फालतू नाही. पण चाललेल्या एकाचा वाटा मागितला की नव्व्याण्णव पुढं करायचे, हे गेली कित्येक वर्षं ऐकतोय.

याचा आपल्या पट्ट्याशी संबंध असा. कॅसेटच्या काळात देवाची गाणी, भीमगीतं, लोकगीतं यांचा मोठा बाजार होता आणि लिहिणाऱ्याला वहीतल्या पानामागं एकदाच हातात पैसे, कागद नाही, पावती नाही. भीमगीतात तर छापेची रीत कॅसेटवरही बऱ्यापैकी टिकली, वामनदादा कर्डकांची गाणी शंभर जणांनी गायली तरी शेवटी वामन येतोच, म्हणून ती कुणाची यावर कधी भांडण झालेलं ऐकलं नाही. बाकी प्रकारात गोंधळ. आता कायदा म्हणतो हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी पाहिजे, आणि लेखीत मुदत घातली नसेल तर पाच वर्षं धरतात. मग ज्यांचा कागदच नाही त्यांच्या गाण्याचे शब्द आजही त्यांचेच, निदान पुस्तकात तरी. दोन-तीन हजारात दिलेल्या गाण्यासाठी कोर्टात कोण जाणार हा भाग वेगळा.

यूट्यूब आल्यावर हिशोब अजून बदलला. पैसे ज्याचं चॅनल त्याच्या खात्यात येतात. गाणाऱ्याला समजलं की लिहिणारा वेगळा असेल तर कागद करा, वाटा द्या, नाहीतर उद्या तो क्लेम टाकणार. त्यापेक्षा स्वतःच लिहिलेलं बरं. हे कुणी उघड म्हणत नाही, मुलाखतीत "मनातलं लिहावंसं वाटलं" असंच सांगतात. रॅपवाल्यांचं वेगळं, त्यांच्यात दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणणं हीच नामुष्की, आणि ती पोरं खरंच आपल्या बोलीत चांगलं लिहितायत, कऱ्हाड-विट्याकडचे शब्द एवढे उघड गाण्यात पहिल्यांदा येतायत. पण हळदीच्या गाण्यात गायकानं स्वतः लिहिलेलं ऐकलं की कळतं लिहिणं हे काम होतं म्हणून.

आणि बैलाची गाणी. शर्यतीवर 2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात राज्याचा कायदा टिकला, आणि तेव्हापासनं नामांकित बैलावर गाणं ही मालकाची हौसच झालीय. मालक पैसे देतो, गावातला कुणीतरी लिहितो, नावाजलेला गायक गातो, स्टुडिओवाला व्हिडिओ करून आपल्या चॅनलवर टाकतो. गाण्यात बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव, ड्रायव्हरचं नाव, कधीकधी स्टुडिओचंसुद्धा. लिहिणारा तेवढा नाही. कायद्यानं बघायला गेलं तर असा व्हिडिओ हा सिनेमाच धरतात, म्हणजे 1977 चा निकाल आणि 2012 ची दुरुस्ती दोन्ही तिथं येऊन बसतात. यात निर्माता कोण, पैसे देणारा मालक का चॅनलवाला, हे ठरवायची वेळ आली तर मालकाचं उत्तर तयार आहे, बैल माझा म्हणजे गाणं माझं.