आवाजच नसलेलं ऑक्टोपॅड

मागच्या गणपतीच्या आधी पंचवटीत एका काकांकडे गेलो होतो. काका ऐंशी-नव्वदच्या काळात ऑर्केस्ट्रात पॅड वाजवायचे, आता गुडघे गेलेत, घराचं रंगकाम चालू होतं म्हणून माळा रिकामा करायचा होता आणि मला फुकटचा हमाल म्हणून बोलावलेलं. जुन्या गोधडीत गुंडाळलेलं एक खोकं निघालं, आठ रबरी चौकोन, त्यावर रोलँड, पॅड-८. मी उडालोच! हे १९८५ चं पहिलं ऑक्टापॅड, ज्याच्यावरून आपल्याकडे अशा सगळ्याच पॅडला, कंपनी कुठलीही असो, सरसकट ऑक्टोपॅड म्हणतात (टूथपेस्टला कोलगेट म्हणतात ना, तसंच). घरी आणलं, पॉवर दिली, लाइट लागले, हेडफोन कुठे लावायचा ते शोधतोय तर जागाच नाही. काकांना फोन केला तर ते हसत सुटले, "अरे येड्या, त्याला स्वतःचा आवाज नाहीये."

खरंच नाही. पॅड-८ फक्त ठोका ओळखतं, कुठल्या पॅडवर पडला आणि किती जोरात पडला एवढं मिडीच्या वायरीतून पुढे सांगतं, आवाज काढायचं काम दुसऱ्या मशीनचं. मिडी म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरवलेली भाषा, १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रेड शोमध्ये रोलँडचा आणि सिक्वेन्शियल कंपनीचा कीबोर्ड एका वायरीने जोडून दाखवले होते. ते दुसरं मशीन काकांनी कधीच विकलेलं. म्हणजे माझ्याकडे हात आहेत पण गळा नाही असं झालं. आठवडाभर ते टेबलावर पडून होतं आणि मी रात्र रात्र वाचत बसलो की मुळात ठोका वीजेवर चढवायची ही खाज कुणाला कधी सुटली, त्याचंच हे लिहितोय.

सुरुवात १९३१. हात न लावता वाजणारं थेरेमिन वाद्य बनवणारा रशियन लेव थेरेमिन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता आणि हेन्री कॉवेल नावाच्या संगीतकाराला असलं काहीतरी हवं होतं की ज्यात एकाच वेळी वेगवेगळ्या लयी चालतील, एकात दोन पडतात तेवढ्यात दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, असं सोळापर्यंत. थेरेमिनने त्याला रिदमिकॉन करून दिलं. आपल्याला ऐकून वाटतं यात काय, आमचा तबलावाला दीडपट, पावणेदोनपट हातावर करतो, पण तिकडे सोळा लयी एकाच वेळी वाजवणारा माणूस मिळत नव्हता म्हणून मशीन केलं. लक्षात घ्या, हे पहिलं मशीन वादकाची नोकरी खायला बनवलेलं नव्हतं, माणसाला जमत नाही ते करायला बनवलेलं. पुढचे सगळे मात्र नोकरी खायलाच निघाले.

१९५९ मध्ये वुर्लिट्झर कंपनीने साइडमॅन काढला, नावातच सगळं आलं, साइडमॅन म्हणजे बाजूला बसून साथ करणारा. लहान कपाटाएवढं लाकडी खोकं, आत व्हॅक्यूम ट्यूब आणि मोटरवर गोल फिरणारी एक चकती, चकतीवर काँटॅक्ट, फिरता फिरता काँटॅक्ट जुळला की ठोका. लय वाढवायची तर चकती जोरात फिरवायची. हॉटेलात एकटा ऑर्गन वाजवणारा माणूस हे त्याचं गिऱ्हाईक. टोकियोच्या एका नाइटक्लबमध्ये तादाशी ओसानाई नावाचा ॲकॉर्डियनवाला साइडमॅन लावून वाजवायचा, त्याला ते आवडेना, तो क्लबचे मालक त्सुतोमु कातोंना म्हणाला याहून बरं मी बनवतो, आणि १९६३ मध्ये डोंका-मॅटिक आलं. त्यांची ती कंपनी म्हणजे आजची कॉर्ग!

आणि तिकडेच इकुतारो काकेहाशी. या माणसाबद्दल मी जरा जास्त लिहिणार कारण मला तो फार आपला वाटतो. लहानपणीच आईवडील गेले, स्वतःला टीबी झाला, घड्याळं दुरुस्त केली, रेडिओ दुरुस्त केले, म्हणजे मेनरोडच्या गल्लीत डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळवाले असतात ना, तशी सुरुवात. मग एस टोन ही त्यांची कंपनी, तिचं १९६४ चं पहिलं ठेक्याचं मशीन रिदम एस, त्यात तयार ठेके नव्हतेच, बटणं हाताने दाबायची, ते काही विकलं गेलं नाही. मग १९६७ चं एफआर-१, यात सोळा तयार ठेके, हॅमंड या ऑर्गनच्या कंपनीने ते आपल्या ऑर्गनसाठी उचललं आणि धंदा बसला. १९७२ मध्ये त्यांनी रोलँड काढली, १९७८ मध्ये सीआर-७८ हे ठेक्याचं मशीन, ज्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि स्वतःचा ठेका भरता येत होता.

तयार ठेके म्हणजे काय तर वॉल्ट्झ, रुम्बा, बोसा नोवा. आपल्याकडे पुढे जे कॅसिओ घराघरात आले त्यातही हीच यादी उतरली आणि आपल्या लोकांनी त्यातूनही जुगाड केला, दादऱ्याच्या सहा मात्रांना वॉल्ट्झ लावायचा, केरव्याला साधा फोर-फोर, चालून जातं. रूपक आला की बोंब. सात मात्रांची सोय त्या जपानी इंजिनिअरने कशाला करावी? ती अडचण पुढे बेंगळुरूच्या राडेलची तालमाला आली तेव्हा सुटली, त्यात ताल निवडा, लय फिरवा, पट्टी जुळवा, रियाझाला बसा. गाणं शिकणाऱ्यांच्या घरात तानपुऱ्याच्या खोक्याशेजारी हे दुसरं खोकं असतंच. याला कुणी व्हिंटेज म्हणत नाही अजून, पण माझ्या मते जपायला पाहिजे.

बरं, इकडे ड्रमवाल्यांनी पण हात घातला. १९७६ च्या सुमाराला जो पोलार्डचा सिनड्रम आला, तो डिस्कोतला प्यूंऽऽ आवाज आठवा, तो हाच. १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्ह सिमन्सचं एसडीएस-५, षटकोनी पॅडवालं. दिसायला एकदम भारी, वाजवायला भयंकर, कारण पॅडचा वरचा भाग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे पोलिसांच्या दंगलीच्या ढाली ज्याच्या असतात ते, ठोका मारला की सगळा झटका परत मनगटात. ड्रमर लोकांची मनगटं गेली. काकांच्या पॅड-८ ला रबर का आहे ते यावरून कळतं.

दुसऱ्या बाजूला रॉजर लिन, त्याचं १९८० चं ड्रम मशीन एलएम-१, यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज चिपमध्ये, किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास, बनले साधारण पाचशे. त्याच वर्षी रोलँडचं टीआर-८०८ आलं, ११९५ डॉलरला, आणि त्याचे आवाज अजिबात खरे वाटत नव्हते, लोकांनी नावं ठेवली. १९८३ ला बंद. साधारण बारा हजार बनले. सेकंडहँड स्वस्तात पडून राहिले आणि न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटच्या कडक्या पोरांनी उचलले, ज्यांना खऱ्या ड्रमची नक्कल नकोच होती. आता तेच मशीन घ्यायचं तर लाखांत बोला.

८०८ च्या आत बेस ड्रमचा आवाज कुठे साठवलेलाच नाहीये, हे मला कळलं तेव्हा मी वाचता वाचता उठून उभा राहिलो. आत ब्रिज्ड-टी नावाचं सर्किट आहे, ते वाजायच्या अगदी काठावर आणून ठेवलेलं असतं, त्याला एक बारीक इलेक्ट्रिक धक्का दिला की ते थरथरतं आणि हळूहळू विझतं. ढोलाच्या पानावर टिपरू पडल्यावर पान काय वेगळं करतं? म्हणजे ती ढोलाची नक्कल नाहीच, तो वीजेचा ढोल आहे. झांजेसाठी एकमेकांशी न जुळणारे सहा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी सर्किटं, एकत्र कालवलेत. आणि त्यातला तो तळणीसारखा चर्रर आवाज यावा म्हणून काकेहाशींनी चक्क रिजेक्ट झालेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले, पुढे ते खराब ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले म्हणून मशीन बंद पडलं. कच्चा माल सुधारला म्हणून बंद पडलेला धंदा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडे हे सगळं कसं आलं तर बॅगेतून आलं. ९१ च्या आधी परदेशी इलेक्ट्रॉनिक्सवर ड्युटी इतकी होती की दुकानातून घेणं परवडायचं नाही, सिंगापूरला किंवा गल्फमध्ये कोणी जाणारं-येणारं असेल तरच. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) आला होता, पण तो संस्थेत. खरी गंमत केली ती मुंबईच्या चरणजित सिंग यांनी, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा माणूस, त्यांनी सिंगापूरहून मशीनं आणली आणि १९८२ मध्ये ८०८ च्या ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली आणि तिकडचे लोक डोकं धरून बसले, की आमच्या शिकागोत ८७ ला जे ॲसिड हाउस नावाचं नाचायचं संगीत झालं त्यासारखं हे आधीच कुणीतरी भैरवात करून ठेवलंय.

काकांचं पॅडही असंच, मुंबईच्या एका वादकाकडून सेकंडहँड. गणपती, नवरात्र, हळदी, बेंजो पार्टी, सगळीकडे फिरलंय. मी विचारलं, पॅड आल्यावर ढोलकीवाल्यांची पोटं मारली गेली नाहीत का? तर म्हणाले, पहिले एक-दोन सीझन सगळे घाबरले होते, नंतर ढोलकीवाल्यांनीच पॅड घेतले, कारण हात त्यांचा होता. आणि आता उलटंच झालंय, नाशिक ढोल, जो तिकडे केरळात, मंगळूरात नाशिकच्या नावानेच वाजतो, त्याचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, पॅडमध्ये भरून मिळतात, पेनड्राइव्हवर पॅच (तयार आवाजांचे संच) विकतात. आपल्या रविवार कारंज्यावर मिरवणुकीत थांबलं की छातीत जे घुमतं ते पेनड्राइव्हवर कसं येणार, पण विकतात.

तर आठवड्याने मी पॅड-८ ला एका इंटरफेसने लॅपटॉपशी जोडलं, आणि दुसरीकडे ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट जोडायची पाटी) ते ब्रिज्ड-टी सर्किट स्वतः उभं केलं, एक ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप), दोन कपॅसिटर, थोडे रेझिस्टर, ठोका घ्यायला बझरमधली पिझोची चकती. असले पार्ट शोधायला पूर्वी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता, तो २०१७ ला महापालिकेने उठवला, आता बुधवारच्या गोदाघाटावरच्या बाजारात कधी जुना रेडिओ मिळतो तेवढंच. पहिला कपॅसिटर लहान पडला, आवाज टिमकीसारखा आला, मोठा टाकला तर ढुम्म खाली गेला आणि शेजारच्या काकूंनी भिंत वाजवली. म्हणजे त्यांनीही ठोका दिला.

काका परवा येऊन बसले, आठही पॅडवर बोटं फिरवली, काडीसुद्धा मागितली नाही. सहावा पॅड हलक्या हाताला बोलत नाही म्हणाले, नव्वदीतल्या एका हळदीत त्यावर चहा सांडला होता. रविवारी उघडून बघणार आहे.